सर्व्हरवर रूटचं थेट लॉगिन बंद करायचंय. सुरुवात कुठून करू?

कुळागर

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातल्या काही हॉटेलांचं बुकिंग सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीचे सर्व्हर आता माझ्याकडे आलेत. एक उबंटू आणि एक डेबियन (दोन्ही लिनक्स) भाड्याच्या डेटासेंटरमध्ये, आणि एक फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली) पणजीच्या ऑफिसात. आधीची व्यवस्था अशी की तिन्हीकडे एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीने) रूट, म्हणजे सगळे हक्क असलेलं मुख्य खातं, थेट आत येतो, तिन्हीकडे पासवर्ड एकच, आणि तो मालकांकडे, हिशेब बघणाऱ्या बाईंकडे, वेबसाइटवाल्याकडे आणि जुन्या कंत्राटदाराकडे. कंत्राटदार आता बेंगळुरूला गेला. माणूस चांगला आहे, भांडण काही नाही. पण त्याच्या लॅपटॉपात काय काय राहिलंय हे कोणालाच सांगता येत नाही.

उबंटूवरचा ऑथ.लॉग, म्हणजे लॉगिनची नोंदवही, उघडला तर रूटच्या नावाने चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांच्या ओळी संपतच नाहीत. त्यांची मला तितकी काळजी नाही. जास्त काळजी वाटते ती मध्ये मध्ये दिसणाऱ्या ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर रूट’ या ओळींची. त्या वेळी आत आलेलं माणूस कोण होतं, हे मालकांना विचारूनही कळलं नाही.

मी डिचोलीहून घरूनच काम करतो. पावसात लाईट गेली आणि राउटर परत चालू झाला की ब्रॉडबँडचा पत्ता बदलतो, म्हणजे ‘फक्त माझ्या पत्त्यावरून येऊ दे’ हा उपाय बाद. चवथीनंतर सीझनची बुकिंग वाढतात, त्याच्या आत हे मार्गी लावायचंय. एसएसएचच्या सेटिंगमधलं पर्मिट-रूट-लॉगिन ‘नो’ केलं की भागतं का?

मांडवीपार

कुळागर, तुम्ही नेमक्या ओळीवर बोट ठेवलंत. या विषयावर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं बाहेरून पासवर्ड ओळखू पाहणाऱ्यांबद्दल असतं. छोट्या ऑफिसात खरा प्रश्न आतल्यांचा असतो. आत येणारा प्रत्येक जण ‘रूट’ या एकाच नावाने येतो, आणि नंतर कोणी काय केलं याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते रूटचं थेट लॉगिन बंद करण्याचं पहिलं कारण हेच. हल्लेखोर दुसरे.

थोडा इतिहास, कारण त्याचा तुमच्या यंत्रांशी संबंध आहे. एसएसएच जन्मलं १९९५ साली, फिनलंडमध्ये. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, म्हणून तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. त्याआधी टेलनेट आणि आरलॉगिन चालायचं, पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच काढलं, आज आपण सगळे तेच वापरतो. पण त्यातही रूटला पासवर्डने येऊ देणं ही मूळ सेटिंग कैक वर्षं तशीच होती. ऑगस्ट २०१५ मध्ये, ७.० आवृत्तीत ती ‘प्रोहिबिट-पासवर्ड’ झाली, म्हणजे रूट येईल पण किल्लीने (पासवर्डऐवजी आपल्या संगणकावर ठेवलेल्या गुप्त फाइलीने). म्हणजे तुमच्या उबंटूवर आणि डेबियनवर रूट पासवर्डने येतोय तो कोणीतरी मुद्दाम ‘येस’ लिहिल्यामुळे. फ्रीबीएसडीवर तर मुळात ‘नो’च असतं, तिथेही कोणीतरी हात लावलाय.

तर ‘नो’ करा, पण ती शेवटची पायरी. आधी प्रत्येक माणसाचं स्वतःच्या नावाचं खातं, त्यावर त्याची स्वतःची किल्ली, आणि रूटचं काम सुडोने, म्हणजे एकेक आदेश रूटच्या हक्काने चालवणाऱ्या प्रोग्रामने. हे सगळं चालतंय याची खात्री पटली की मगच दार बंद करायचं.

फर्मागुडी

सर, मी विद्यार्थी आहे, शंका विचारतो. किल्ली ओळखून काढणं कोणाला शक्य नाही. मग रूटला फक्त किल्लीने येऊ दिलं आणि एसएसएचचा पोर्ट २२ (सर्व्हर जोडणीसाठी ज्यावर ऐकतो तो क्रमांक) बदलून दुसरा ठेवला तर तेवढं पुरत नाही का?

टर्मिनलताई

पोर्टचं आधी सांगते. २०१३ पासून झेडमॅपसारखी साधनं आहेत, चांगल्या जोडणीवरून सगळं आयपीव्ही४ जग पाऊण तासात चाळून काढतात. पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, आणि तो कमी झालेला बरा, कारण मग महत्त्वाची ओळ डोळ्यांत भरते. पण त्याला सुरक्षा समजू नये. शिवाय उबंटू २२.१० पासून पोर्टवर एसएसएचच्या सेवेऐवजी एसएसएच.सॉकेट ही वेगळी व्यवस्था ऐकत असते. फाइलीत पोर्ट बदलून नुसती सेवा रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहिलेला दिसतो.

आता कुळागर, कामाचा क्रम. मी वेर्ण्याच्या कारखान्यात हेच बघते, तिथे लाइन चालू असताना सर्व्हरबाहेर अडकून पडणं परवडत नाही.

नवीन खातं काढा, किल्ली टाका. घरातल्या डॉट-एसएसएच फोल्डरची परवानगी ७०० आणि ऑथराइज्ड-कीज फाइलीची ६००. ही ढिली असेल तर सर्व्हर किल्ली मुकाट्याने नाकारतो आणि माणूस तासभर किल्लीलाच दोष देत बसतो. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर सुडो बसलेलंच नसतं, ते आधी बसवून खातं सुडो गटात घाला. नव्या खात्याने आत या, सुडो चालवून बघा.

मग सेटिंग बदला, पण चालू असलेली जोडणी बंद करू नका. लहान टीचा पर्याय देऊन एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम) चालवलं की फाइलीतल्या चुका कळतात. ती तपासणी झाली की रीलोड, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं. जुनी खिडकी तोवर उघडीच. तुमच्याकडे लाईटचा भरवसा नाही म्हणता, तर बदल करण्याआधी ‘ॲट’ला (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामला) सांगून ठेवा की पंधरा मिनिटांनी जुनी फाइल परत जागेवर ठेव आणि रीलोड कर. सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करायचं. जोडणी मध्येच तुटली तरी यंत्र आपोआप मूळपदावर येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फाइलीत काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका. मोठ्या टीचा पर्याय देऊन एसएसएचडी चालवा, प्रत्यक्षात लागू असलेल्या सगळ्या सेटिंग्ज तो छापतो. त्यात पासवर्ड-ऑथेंटिकेशन, केबीडी-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन आणि पर्मिट-रूट-लॉगिन या तीन ओळी वाचा. मधली ओळ लोक विसरतात. ती ‘येस’ राहिली आणि पॅम (लॉगिनची पडताळणी करणारी व्यवस्था) चालू असलं तर पासवर्ड बंद करूनही तो मागच्या दाराने विचारला जातो.

कुळागर

ताई, शतशः धन्यवाद. उबंटूवर लगेच बघितलं. मुख्य फाइलीत पासवर्ड-ऑथेंटिकेशन ‘नो’ लिहिलेलं आहे, आधीच्या कोणीतरी लिहिलं असणार. पण मोठ्या टीने छापलेल्या यादीत ‘येस’ आहे! हे कसं?

टर्मिनलताई

एसएसएचडी_कॉन्फिग.डी नावाचं फोल्डर उघडा. त्यात ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल सापडेल, आत एकच ओळ, पासवर्ड-ऑथेंटिकेशन येस. यंत्र भाड्याने घेताना पासवर्डचा पर्याय निवडला की ती तयार होते. उबंटूत हे फोल्डर मुख्य फाइलीच्या अगदी वरच्या ओळीत वाचलं जातं, आणि एसएसएचडीत एकाच सेटिंगची जी किंमत पहिल्यांदा दिसते तीच धरली जाते. खाली तुम्ही कितीही वेळा ‘नो’ लिहा, उपयोग नाही. बहुतेक प्रोग्रामांत नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते, इथे उलट आहे. स्वतःची फाइल ०१ ने सुरू होणाऱ्या नावाने त्याच फोल्डरात ठेवा, म्हणजे ती आधी वाचली जाईल.

कुळागर

सापडली. अगदी तशीच फाइल, तशीच एक ओळ. म्हणजे ज्याने ‘नो’ लिहिलं त्याला वाटत राहिलं असेल की पासवर्ड बंद आहेत.

साकव

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

‘रूट बंद, सुडो चालू’ हा मंत्र म्हणून म्हटला जातो, त्यामागचा विचार तपासला जात नाही. ज्या खात्याला सुडोने सगळं करता येतं ते खातं म्हणजे रूटच. त्या माणसाच्या लॅपटॉपावर कोणी बसलं तर त्याच्या शेलच्या (आदेश घेणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत सुडो नावाचा खोटा आदेश घालून पासवर्डही पकडता येतो. वर सुडो हा स्वतःच मोठा, सेटयूआयडी प्रोग्राम, म्हणजे कोणीही चालवला तरी रूटच्या हक्काने चालणारा. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिसच्या संशोधकांनी उघड केलेली ‘बॅरन सॅमेडिट’ची खोट आठवा. २०११ पासून कोडमध्ये पडून होती, आणि सुडोची परवानगी नसलेला साधा वापरकर्ताही तिच्यातून रूट होऊ शकत होता.

आणि हिशेबाचं म्हणाल तर, रूटवर प्रत्येकाची वेगळी किल्ली ठेवली की लॉगमध्ये ‘ॲक्सेप्टेड पब्लिककी’ या ओळीत किल्लीचा ठसा येतोच. कोणाची किल्ली ते त्यावरून कळतं. मग अडलं कुठे?

मांडवीपार

साकव, मुद्दा वजनदार आहे. सुडोबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, आणि ज्या यंत्रावर एकच माणूस काम करतो तिथे रूट-किल्लीची पद्धत मी चुकीची म्हणणार नाही.

पण ठसा सांगतो तो फक्त दारातून कोण शिरलं. आत गेल्यावरचं काय? लिनक्सच्या ऑडिट व्यवस्थेत लॉगिनच्या क्षणी त्या सत्राला एक ओळखक्रमांक चिकटतो, ऑड (एयूआयडी) म्हणतात त्याला. नंतर माणूस सुडो करो की एसयू (दुसऱ्या खात्यात शिरण्याचा आदेश), तो क्रमांक बदलत नाही. फाइल उडवली रूटने, पण ऑड १००३, म्हणजे १००३ क्रमांकाच्या माणसाने. थेट रूट म्हणून आलात तर ऑड शून्य. तिघं जण एकाच वेळी आत असतील तर तिघांचाही शून्य. मग कोणती फाइल कोणी बदलली हे ठशावरून सिद्ध करायला वेळा जुळवत बसावं लागतं, आणि कुळागर आज नेमकं तेच करतायत.

दुसरं, माणूस सोडून जातो तेव्हाचं. खातं बंद केलं की त्याच्या क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांसकट, फाइलींच्या मालकीसकट तो माणूस यंत्रावर कुठे कुठे होता हे शोधता येतं. रूटच्या ऑथराइज्ड-कीज फाइलीत शेवटी ‘लॅपटॉप-नवा’ असं लिहिलेली एक ओळ असते आणि ती काढायची हिंमत कोणाला होत नाही. मी अशा ओळी फार बघितल्यात.

साकव

ऑडचा मुद्दा पटला. माणसं अनेक असतील तर नावाची खाती, मान्य. सुडो अपडेट ठेवण्याबद्दल मात्र कोणी ढिलाई करू नये.

पेडणेपल्याड

बदलत्या पत्त्याचं माझंही तेच दुखणं. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा बाहेरचा पत्ताच नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. त्यामुळे पत्त्याची परवानगी-यादी कामाची नाही. उलट फेल२बॅनही (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारा प्रोग्राम) जपून लावा. त्याच पत्त्यामागे कोणाचा तरी बिघडलेला कॅमेरा तुमच्या सर्व्हरवर पासवर्ड मारत असेल तर बंदी तुमच्यावरही येते. ओपनएसएसएच ९.८ पासून एसएसएचडी स्वतःच असे दंड लावतो, तिथेही हे लक्षात असू द्या.

मी वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन यंत्रांमधली कूटबद्ध खाजगी जोडणी) वापरतो. लिनक्स ५.६ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून ते कर्नलमध्येच आहे. एसएसएच फक्त वायरगार्डच्या आतल्या पत्त्यावर ऐकतं, बाहेरच्या जगाला पोर्ट दिसतच नाही. घरचा पत्ता बदलला तरी वायरगार्ड किल्लीवरून ओळखतो, जोडणी पुन्हा जुळते. वायरगार्ड बिघडलं तर डेटासेंटरच्या वेब-कन्सोलवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरून जायचं. तो कन्सोल चालतो ना, हे आधीच तपासून ठेवा. आणि त्या कन्सोलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, कारण ज्याच्या हाती ते खातं त्याच्या हाती सगळं.

मांडवीपार

कन्सोलचा विषय निघालाच आहे तर, रूटचा पासवर्ड सरसकट लॉक करू नका. डेबियनवर यंत्र बिघडून रेस्क्यू मोडमध्ये गेलं की तो रूटचा पासवर्ड मागतो. खातं लॉक असेल तर ‘रूट अकाउंट लॉक आहे’ एवढं सांगून थांबतो. लांबलचक नवा पासवर्ड ठेवा, प्रत्येक यंत्राचा वेगळा, कागदावर लिहून पाकिटात बंद, मालकांच्या कपाटात. एसएसएचने तो चालणारच नाही, फक्त कन्सोलवर.

कुळागर

पाकिटाची कल्पना मालकांना फार आवडेल. ‘माझ्याच सर्व्हरवर मला प्रवेश नाही का’ हा त्यांचा प्रश्न त्यानेच सुटतो. आता पुढची अडचण. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट डेबियनवरून रूट म्हणून उबंटूवर जाते आणि डेटा ओढते. रूट बंद केला तर बॅकअप बंद.

टर्मिनलताई

अशा वेळेसाठीच पर्मिट-रूट-लॉगिनची ‘फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली’ ही किंमत आहे. रूट किल्लीने येऊ शकतो, पण ज्या किल्लीच्या ओळीत ठराविक आदेश बांधून दिलेला आहे तिनेच, आणि फक्त तो आदेश चालतो. ऑथराइज्ड-कीजमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला ‘रेस्ट्रिक्ट’ लिहा, म्हणजे टर्मिनल, पोर्ट पुढे पाठवणं, एजंट, सगळं बंद. मग ‘कमांड’ने आरआरसिंक (फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकवर मर्यादा घालणारी स्क्रिप्ट) बांधा, फक्त वाचण्यापुरतं. डेबियनचा पत्ता स्थिर आहे, तर ‘फ्रॉम’ने तोही घाला.

शक्य असेल तर त्याहून चांगलं म्हणजे बॅकअपचं वेगळं खातं, ज्याला लागणाऱ्या फोल्डरांपुरती वाचायची परवानगी आहे. मग रूट खुशाल ‘नो’. सीझन सुरू व्हायच्या आत वेळ कमी असेल तर आज फोर्स्ड-कमांड करा, हे नंतर.

फर्मागुडी

किल्ली कोणत्या प्रकारची काढावी? आमच्या लॅबमध्ये अजून आरएसए शिकवतात.

साकव

ईडी२५५१९. ओपनएसएसएचच्या २०१४ च्या ६.५ आवृत्तीपासून आहे, आणि ऑक्टोबर २०२३ च्या ९.५ पासून एसएसएच-कीजेन न सांगता तीच काढतो. आरएसए ३०७२ किंवा ४०९६ ची असेल तर फेकून देण्याची गरज नाही. डीएसए सापडली तर मात्र लगेच काढा, २०२५ च्या १०.० आवृत्तीत तिचा आधारच संपला.

किल्लीला पासफ्रेज हवाच. लॅपटॉप चोरीला जातो, दुरुस्तीला जातो, घरात दुसऱ्याला दिला जातो. बजेट असेल तर यूएसबीची हार्डवेअर किल्ली घ्या. फेब्रुवारी २०२० च्या ८.२ पासून ओपनएसएसएच तिच्याशी थेट बोलतं, प्रत्येक लॉगिनला बोट लावावं लागतं, आणि किल्ली कॉपी होऊन बेंगळुरूला जाण्याचा प्रश्न उरत नाही.

किल्ली ओळखून काढणं अशक्य असं वर म्हणालास म्हणून एक सांगतो. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी काढल्या, त्यामुळे यादृच्छिकता जवळजवळ संपली. उरला फक्त प्रोसेस क्रमांक. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीला एका जातीच्या यंत्रावर ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा लोकांनी सगळ्या कमजोर किल्ल्या आधीच काढून याद्या करून ठेवल्या. गणित भक्कम होतं, किल्ली तयार करणारा प्रोग्राम कच्चा निघाला.

फर्मागुडी

हे माहीतच नव्हतं. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण वाचलं होतं, तेही असंच म्हणायचं का?

मांडवीपार

ते जास्त गंभीर, कारण तिथे कोणीतरी मुद्दाम केलं होतं. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार घातलेलं, आणि काही लिनक्समध्ये सिस्टमडीमार्गे (यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममार्गे) ती लायब्ररी एसएसएचडीत शिरत होती. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, ते मागे लागले आणि सापडलं. त्याच वर्षी १ जुलैला एसएसएचडीतली ‘रेग्रेशन’ नावाची खोट आली, २००६ ची दुरुस्त केलेली चूक २०२१ च्या ८.५ मध्ये परत शिरलेली. ती चूक लॉगिनच्या आधीच चालते. म्हणजे किल्ली, सुडो, रूट ‘नो’, यातलं काहीच तिथे आडवं येत नाही. ९.८ वर जाणं किंवा लिनक्सवाल्यांची दुरुस्ती बसवणं एवढंच. म्हणून पेडणेपल्याड यांचा वायरगार्डचा सल्ला मी नुसता सोयीचा मानत नाही. पोर्टच दिसला नाही तर अशा खोटीला बाहेरून हात घालता येत नाही.

पेडणेपल्याड

लॉग किती दिवस ठेवताय? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घुसखोरीसारखी घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. उबंटूत ऑथ.लॉग मूळ सेटिंगने आठवड्याला फिरतो आणि चारच जुन्या फाइली ठेवतो, म्हणजे महिनाभर. डेबियन १२ मध्ये तर आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) मुळातच नसतं, ऑथ.लॉग शोधत बसू नका, सिस्टमडीच्या जर्नलमध्ये बघा. आणि लॉग दुसऱ्या यंत्रावरही पाठवा. रूट झालेला माणूस पहिल्यांदा तिथलेच लॉग पुसतो.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. उबंटू आणि डेबियनवर नावाची खाती झाली, पासवर्ड बंद, मोठ्या टीने तिन्ही ओळी तपासल्या. रूट डेबियनवर ‘नो’, उबंटूवर बॅकअपपुरता फोर्स्ड-कमांड. रूटच्या ऑथराइज्ड-कीजमध्ये कोणाच्याच ओळखीच्या नसलेल्या किल्ल्या होत्या, त्या काढल्या. हिशेबाच्या बाईंना सर्व्हरवर यायची गरजच नव्हती, त्यांना एक अहवाल हवा असायचा, तो आता मेलने जातो. फ्रीबीएसडी उद्या ऑफिसात जाऊन प्रत्यक्ष समोर बसून करतो.

वेबसाइटवाला राहिला. त्याला एनजिनएक्स या वेबसर्व्हरची फाइल बदलून रीलोड करायचं असतं. सुडोत त्याला एडिटर आणि सिस्टमसीटीएल (सेवा चालू-बंद करणारा आदेश) दिलं तर चालेल ना?

टर्मिनलताई

एडिटर सुडोने देऊ नका. विम एडिटर किंवा फाइल वाचायच्या लेस प्रोग्राममधून शेल उघडता येतं, आणि ते रूटचं शेल असतं. सुडोएडिट त्या एका फाइलीपुरतं द्या, तिथे एडिटर त्याच्याच हक्कांनी चालतो. सिस्टमसीटीएलही मोकळं नको, ‘सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’ एवढा पूर्ण आदेश शब्दशः लिहा. त्याला डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) गटातही घालू नका, तो गट म्हणजे रूटच.

मांडवीपार

आणि एनजिनएक्सची मुख्य प्रक्रिया रूट म्हणून चालते, त्यामुळे तिची मुख्य फाइल ज्याला बदलता येते त्याला हवं ते मॉड्यूल रूटने लोड करवता येतं. मुख्य फाइल देऊ नका, त्याच्या साइटची जी वेगळी फाइल आहे तेवढीच द्या. तिथूनही लॉगची जागा बदलून रूटच्या हाताने कुठेही फाइल लिहिता येते, म्हणून बदल गिटमधून (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतून) येऊ देत. त्याने पाठवायचा, तुम्ही वाचायचा, मग रीलोड. फ्रीबीएसडीवर उद्या बसाल तेव्हा व्हील गटात कोण कोण आहे ते आधी बघा. एसयू करून रूट होण्याची परवानगी त्याच गटाला असते, आणि जुन्या कंत्राटदाराचं नाव तिथेही असू शकतं.